देवाचं ध्यान नव्हतं

आई, आज तुझी बाजू घेऊन मी आमच्या विभागप्रमुखांशी भांडले. तू गेल्यावर इतक्या वर्षांनी तुझी बाजू घ्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. इथं यवतमाळच्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. शाळेतल्या मुलांना रोज परिपाठानंतर थोडा वेळ डोळे मिटून बसवलं तर परीक्षेची भीती कमी होते का, हे मी वर्षभर तपासत होते. बसवलेल्या आणि न बसवलेल्या मुलांत जो किंचित फरक दिसला, तो नुसत्या योगायोगानंही सहज दिसला असता. आमच्या भाषेत निकाल सार्थक नाही. असा शोधनिबंध कोणी छापत नाही, आणि छापला नाही तर माझी बढती अडते.

"मॅडम, कायले हट्ट करून राह्यल्या? पोरी वगळा, नववी तेवढी ठेवा. निकाल येते बरोबर," सर म्हणाले. येणारच. फरक कुठंच नसला तरी वीस ठिकाणी उकरलं की एखाद्या ठिकाणी तो बहुधा सापडतो, मग बाकीच्या जागांचं नाव काढायचं नाही. मला मारेगावचं आपलं देवघर आठवलं. मला नागपूरला शिकायला पाठवायचं की नाही म्हणून तू देवापुढं 'हो' आणि 'नको' अशा दोन चिठ्ठ्या टाकल्या आहेत. मी उचलते, 'नको' निघतं. परत 'नको'. बाबा चिडतात, "देवानं नाही म्हटलं नं, मंग कायले पुन्हा?" तू शांतपणे घड्या घालतेस. "देवाचं ध्यान नव्हतं. उचल वं." 'हो' येईपर्यंत तू थांबली नाहीस. हेच मी वर्गात चूक म्हणून शिकवते, तुझं नाव न घेता. पण तू एकही 'नको' लपवला नाहीस. शेजारणीलासुद्धा सांगितलंस, देव नाही म्हणत होता, मीच ऐकलं नाही. पोरगी शिकवायची होती तुला, आणि ते तू देवाच्या तोंडावर सांगितलंस. मीही सरांना तेच म्हटलं, पोरी वगळू, पण वगळल्या हेही छापू, आणि आधी काय निघालं तेही.

"मंग बढती विसरा," ते म्हणाले. विसरले. निबंध होता तसाच पाठवला, फरक आढळला नाही असं स्पष्ट लिहून. हे पत्र मात्र कुठं पाठवू? एक सांगते, हसू नकोस. निबंध पाठवण्याआधी, तसाच पाठवू की नको म्हणून, तुझ्याच देवापुढं मी दोन चिठ्ठ्या टाकल्या. 'नको' निघालं. पुन्हा टाकल्या नाहीत. नको तर नको, म्हटलं, आणि पाठवून दिला.