शिल्लक शून्य

४ तारीख
लागले एकदाची कामाला. बंदरावरचं ऑफिस, डोक्यावर पंखा, गोल फिरणारी खुर्ची. कुणी बघत नाही म्हणून दोन गिरक्या घेतल्या. साहेब माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा. मी त्याला भाऊजी म्हटलं तर कानापर्यंत लाल झाला.

काम सोपं. बोटींवरून लिहून पाठवलेले निरोप यंत्रात येऊन पडतात. लाइन तुटली तरी आधी आलेले आत तसेच राहतात. साहेब म्हणाला, काकू, पलीकडचा गेला म्हणून लगेच बंद करायचं नाही. 'शिल्लक शून्य' येईपर्यंत एकेक वाचायचं. न वाचता बंद केलं तर उरलेले कायमचे गेले. मी म्हटलं, आमचे हे बोलता बोलता फोन ठेवायचे, त्यांना पाठवायला हवं होतं तुमच्याकडे शिकायला.

६ तारीख
तुटलेल्या जुन्या लाइनींत ह्यांची बोट सापडली. खरं तर त्यासाठीच ही नोकरी धरली. बोट बुडाली तेव्हा माणूस मिळाला नाही, शेवटचा शब्दही नाही. आणि इथे ढीगभर निरोप न वाचलेले. पहिला उघडला: 'डिझेल कमी. वारा आहे. जेवलो.' अस्सल ठोकळा. हसले, मग रडले.

७ तारीख
वाचता वाचता तोंडातून गेलं, जेवलात ते कळलं, आठवण आली का ते सांगा. पुढचा निरोप उघडला: 'भाऊजींना विचार. हा हा.'

बोट बुडून तीन वर्षं झाली. भाऊजीची थट्टा ह्या आठवड्यातली. आणि ह्यांना उभ्या जन्मात एक थट्टा कळली नव्हती.

८ तारीख
सगळे निरोप हसतात. माझ्याच थट्टा, माझ्याच शब्दांत. हे ते नव्हेत. साहेबाला दाखवले तर पांढराफटक पडला, म्हणाला, काकू, वाचू नका, बंद करून टाका. पण तळाशी ह्यांचा एखादा खरा असला तर? नाही केलं बंद.

१० तारीख
शेवटचा. ह्यांचाच. 'तू असशील तर थांब. तू इकडचं वाचतेस तसं इथले तुझ्या आतलं वाचतात. माझं वाचून संपवलं. बोलू नकोस.'
शिल्लक शून्य. बंद केलं. पडदा काळा झाला, मग एकच ओळ — पलीकडे वाचन चालू.

११ तारीख
सासूबाईंना हाक मारायला गेले. त्यांना काय म्हणते मी —
थट्टा सुचत नाही. सकाळी होती, आता तिथे —

तारीख
दारात एक माणूस. काकू काकू करतो. कोण काकू
अजून थोडं आहे माझ्यात. ते आधी लिहून — ह्यांचं नाव — ह्यांचं