दुखणं कुणाचं, गोळ्या कुणाला

जयेंद्रगंज, ग्वाल्हेर
९ मार्च

ती. मंदाताईस,
संभाजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझे कान गेले आणि आम्हाला पत्रं लिहायची शिस्त लागली. फोनवर तू सगळ्यालाच हो म्हणतेस, त्याची भीती वाटते.

हेमांगी सासरी रुळली, लेकीची चिंता मिटली. दसऱ्यापासून दुकान समरजीतच बघतो. मी नई सडकवर दुकानात नुसता जाऊन बसतो. पंखे दुरुस्तीला येतच नाहीत. लोक नवे घेतात.

काळजी आहे ती सूनबाईंची. हेमांगीचं लग्न पार पडलं आणि नीलम एकदम गुमसुम झाली. भाजी चिरता चिरता रडायची. समरजीतला बायकोसाठी वेळ नाही, म्हणून मीच तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते विचारत होते तिला, पण सासऱ्यापुढे ती काय बोलणार? आपल्यात तशी पद्धतही नाही. मग मीच बोललो. झोप पहाटे मोडते ती परत लागत नाही. जेवण भुशासारखं लागतं. माणसं घरी आली की उठून जावंसं वाटतं. डॉक्टर भराभर लिहीत होते. इतकं नेमकं सांगणारे नातेवाईक कमी भेटतात, असंही म्हणाले. मी सांगितलं, जन्मभर आवाजावरून पंख्याच्या मोटारीचा बिघाड ओळखत आलोय. चहा निवायच्या आत निकाल लागला. डिप्रेशन आहे, गोळ्या घ्या.

आता ती रडत नाही. दिवसभर झोपते, उठली की भिंतीकडे बघते. तुझी भावजय विजया म्हणते, गुण येतोय. पण ताई, आवाज बंद झाला म्हणजे पंखा दुरुस्त झाला, असं मी कधी कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. तुझं मत कळव.

माया करतेस तेवढी करत राहा, जास्त मागत नाही.

तुझा,
संभाजी


बडोदे
१७ मार्च

चि. संभाजीस,
मंदाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी सुनेची काळजी वाटली, दुसऱ्या वेळी तुझी.

ती पहाटे जागी असते, हे तुला कसं कळलं? तू स्वतः जागा असल्याशिवाय? जेवण भुशासारखं लागतं, हे काय तिनं तुला सांगितलं? दिवाळीत माझ्याकडे बासुंदीची वाटी तू तशीच सरकवलीस. मला वाटलं, माझा हात बिघडला. आणि लग्नात व्याही भेटायला आले, तेव्हा मुलीचा बाप गच्चीवर जाऊन बसला होता, तो कोण? गाढवा, दुखणं सांगून आलास तुझं, आणि गोळ्या खातेय ती पोर.

आता तिचं ऐक. तिचे वडील पौषात गेले. तेरावं झालं नाही तोच तुम्ही तिला माहेरून परत आणलंत, कारण घरात लग्न. मंगलकार्यात सुनेनं एक टिपूस गाळलं नाही, हे विजयानं मला माझ्या कानाशी ओरडून कौतुकानं सांगितलं. सगळ्या मांडवानं ऐकलं. मग तिनं रडायचं कधी? ती रडायला लागली, तर तुम्ही डॉक्टर गाठलात. बाप गेल्यावर येणाऱ्या रडण्यालाही आता गोळी निघाली का?

मात्र गोळ्या आपल्या मनानं बंद करू नकोस. तुला कुठलीही वस्तू उघडून ठेवायची खोड आहे. त्याच डॉक्टरांकडे जा, आणि या वेळी तू बाहेर बस.

रागावले तरी तुझीच,
मंदाताई


जयेंद्रगंज, ग्वाल्हेर
२ एप्रिल

ती. मंदाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे बाहेर बाकावर बसलो. आधी आतून नीलमचं रडणं ऐकू आलं, मग बोलणं, आणि ते संपेचना. मागचे पेशंट माझ्याकडे बघून कुरकुरायला लागले. ही तीच मुलगी, जिला बोलता येत नाही असं मी गृहीत धरलं होतं.

डॉक्टर सरळ माणूस निघाले. म्हणाले, या गोळ्यांनी उठून उभे राहिलेले पुष्कळ लोक त्यांनी पाहिलेत, पण या वेळी पेशंटचं न ऐकताच लिहिल्या, ही त्यांची घाई. एकदम थांबवायच्या नाहीत; हळूहळू कमी करतील. तिला देवासला आईजवळ हवं तितकं राहू द्या म्हणाले.

मग मला आत बोलावलं. तेच प्रश्न, पण आता माझ्याविषयी. गेल्या वेळी पाठ असल्यासारखं बोललो, या वेळी तोंडातून शब्द फुटेना. नुसतं दुकानाचं तेवढं बोललो. त्यांनी पेन उचललं, तेव्हा मात्र वाचा परत आली. ही गोळी नक्की करते काय? किती दिवस? थांबवायचं कोण ठरवणार? गोळीशिवाय काही नाही का? डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, हे सगळं विचारायलाच हवं. सुनेच्या वेळी मात्र तुम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता.

ठरलं असं की मी आठवड्याला जाऊन बोलायचं. महिन्याभरात फरक पडला नाही तर गोळी घ्यायची, तेव्हा घासाघीस चालणार नाही. मी कबूल केलं.

काल नीलमला देवासच्या गाडीत बसवायला गेलो. फलाटावर ती विजयाच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. विजया सवयीनं तिला गप्प करायला निघाली, मी हातानंच थांबवलं. शेजारच्या एका बाईला दया आली. तिनं नीलमला समजावलं की सासरी जाताना सगळ्याच रडतात, आईबाप काही तुटत नाहीत.

नीलमनं डोळे पुसले, आम्हा दोघांकडे बघितलं, आणि त्या बाईची चूक दुरुस्त केली नाही.

आशीर्वाद असू दे, आणि पत्राचं उत्तरही.

तुझा,
संभाजी