तळघराच्या हवेचं वजन

११ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०

भेगा बुजवायच्या लुकणाची तिसरी ट्यूबही संपली आणि तळघराच्या फरशीतली भेग अजून हातभर शिल्लक आहे. भिंतीपाशी सुरू होते, माझ्या बायकोच्या, आर्डिसच्या, शिलाईच्या टेबलाखालून जाते आणि पाणी तापवायच्या टाकीमागे दिसेनाशी होते. एकोणचाळीस वर्षं या घरात राहतोय, ही भेग मी कधी पाहिली नव्हती. म्हणजे नवीन असणार. उरलेल्या भागावर गालिचा ओढला.

हवा तपासणारी बाई साडेदहाला येणार आहे. रेडॉन नावाचा गॅस. जमिनीतून येतो म्हणे, तळघरात साठतो, वर्षानुवर्षं श्वासात गेला की फुप्फुसाचा कॅन्सर होतो. वास नाही, रंग नाही, चव नाही. तरी त्याची तपासणी आहे आणि तपासणीला फी आहे.

सकाळी ७.१५

परिस्थिती अशी. ह्यूसमन जोडप्याला विकत घ्यायला हे घर पसंत आहे. त्यांची एकच अट, तळघराची हवा पास झाली पाहिजे. आकडा चारच्या आत आला की पास.

तिकडे वेव्हर्लीच्या फ्लॅटवाल्यांनी आमच्यासाठी जागा धरून ठेवली आहे, ती शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. त्यानंतर यादीतल्या पुढच्या माणसाला. तळमजला, एकही पायरी नाही, कपड्यांचं मशीन स्वयंपाकघराला लागून. इथे मशीन तळघरात. तेरा पायऱ्या. खुबा दुखायला लागल्यापासून आर्डिस कठडा धरून उलटी उतरते, शिडी उतरावी तशी. कपडे मीही धुतले असते, पण मशीनची बटणं तिच्या हाताच्या सवयीची आहेत.

तेव्हा हवा पास होणं आवश्यक आहे. होईल. चौतीस वर्षं सहकारी कोठाराच्या वजनकाट्यावर काढली. मक्याचे ट्रक. माप मला कळतं, आणि मापात खोट करणारा माणूस त्याहून जास्त कळतो.

संकल्प: यंत्राला हात लावायचा नाही. बाईशी सौजन्याने वागायचं. सही करण्यापूर्वी कागद वाचायचा.

सकाळी ११.२०

येऊन गेली. राँडा श्लिक्ट, पन्नाशीची, गुडघे वाजतात. न सांगता बूट दाराशी काढले, तिथेच आर्डिसने तिला केकचा मोठा तुकडा वाढला. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं आहे. शिलाईच्या टेबलावर ठेवलं. अठ्ठेचाळीस तास. खिडक्या बंद, दारं बंद, पंखे बंद. दर तासाला ते आपलं आपण आकडा दाखवतं आणि टिपून ठेवतं.

मी विचारलं, हे तासातासाचं वाचतं कोण? म्हणाली, मी. हिवाळ्यात दुसरं काय असतं वाचायला?

म्हणाली, या भागात दहातली सात घरं नापास होतात. मी म्हणालो, मग आज तुम्ही उरलेल्या तीनपैकी एकात आलात. ती म्हणाली, हो, सकाळपासून असं म्हणणारं हे तिसरं घर.

सही केली. वाचायचं राहिलं, चष्मा वरच्या मजल्यावर होता.

दुपारी ४.००

५.२

यंत्र रात्रभर तिच्या गाडीत गारठलेलं. गारठलेला काटा जास्त दाखवतो. सगळ्यांना माहीत आहे.

१२ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.००

५.१. बाहेर शून्याखाली चार. यंत्र आता गरम झालं असावं. तरीही.

कागद वाचला. पंखे लावू नयेत असं म्हटलंय. हवा घरात फिरवू नये हा त्यामागचा उद्देश, हे उघड आहे. मी फिरवणार नाही, बाहेर काढणार. काटा शून्यावर नसेल तर आधी शून्यावर आणायचा असतो. ही दुरुस्ती झाली. फसवणं वेगळं. फसवणं म्हणजे मक्याच्या खाली ओली वाळू भरून आणणं. त्याबद्दल मी लोकांचे ट्रक फाटकातून परत पाठवले आहेत.

दुपारी १.०५

आर्डिस चर्चमधल्या बायकांच्या बैठकीला गेली. मैत्रीण घेऊन गेली, पाचला आणून सोडेल.

मोठा पंखा तळघराच्या खिडकीत बसवला, तोंड बाहेर. वरची सगळी दारं-खिडक्या घट्ट. या बाबतीत मला गल्लीत तोड नाही. ऑक्टोबरातच प्रत्येक खिडकीला प्लास्टिक, प्रत्येक दाराखाली पट्टी. माझ्या घरात बाहेरून हवेचा कण येत नाही.

२.०० — ६.३. साहजिक आहे. केर काढताना आधी धूळ उडते.

३.०० — ८.९. बरीच धूळ होती.

३.१० — हॉलमधली फायरप्लेस पेटवली. स्वयंपाकघरातला धूर ओढायचा पंखाही लावला. जितकी हवा बाहेर जाईल तितका गॅस बाहेर जाईल. साधं गणित.

४.०० — ११.४

४.०५ — यंत्र बिघडलं आहे.

४.२० — सगळं बंद केलं. खिडकी लावताना बोट चेमटलं.

संध्याकाळी ६.००

आर्डिस कोट न काढता तळघराच्या जिन्याशी उभी राहिली. म्हणाली, खाली एवढं गार का? मी म्हणालो, थोडी हवा बाहेर सोडली. ती म्हणाली, बाहेर सोडलीस, मग तिच्या जागी आत कुठून आली? मी म्हणालो, कुठूनही नाही, घर घट्ट आहे. ती म्हणाली, हार्लन, घर वरून घट्ट आहे. खालून जमीन आहे. तू तिच्यातली हवा बाटलीतून स्ट्रॉने सरबत ओढावं तशी ओढलीस.

आर्डिसला यंत्रांचं शिक्षण नाही. तिला ते समजावून सांगायला वेळ लागला असता, म्हणून गप्प बसलो.

१३ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.३०

राँडाने यंत्राला छोटा प्रिंटर जोडला आणि कागदाची पट्टी काढली. तासातासाचा आलेख. सरळ रेघ, मग एक डोंगर, मग पुन्हा सरळ. डोंगराच्या पायथ्याशी पेन्सिल टेकवून म्हणाली, मंगळवारी दुपारी एक ते साडेचार. काय चालू होतं?

मी ड्रायव्हरांना असंच विचारायचो. आवाज न चढवता, त्यांच्या तोंडाकडे न बघता. बघायची गरजच नसते.

म्हणालो, वारा असेल. ती म्हणाली, काल पानही हललं नाही.

म्हणाली, डोंगर सोडून दिला तरी पाच. हात लावला नसता तरी नापासच झाला असतात, मग कशाला एवढा उपद्व्याप? मी विनंती केली, पंख्याचं रिपोर्टात नको. अगदी सौजन्याने. ती पट्टीची घडी करत राहिली. मग म्हणाली, माझ्या सासऱ्यांचा ट्रक तुम्ही दोनदा परत पाठवलात. वर्षभर तुमच्या नावाने शिव्या देत होते. पण म्हणायचे, माणूस सरळ आहे. मी तेच नाव ऐकून परवा फक्त एक यंत्र ठेवून गेले, नाहीतर पडताळायला दोन ठेवते.

ती रिपोर्टात लिहिणार आहे.

दुपारी ३.००

आमची एजंट कॉलीन ब्रिक्स हिचा फोन. म्हणाली, हार्लन, ऐका आता. तळघराच्या फरशीतून एक पाइप, तो छपरापर्यंत, वर एक छोटा पंखा. जमिनीतली हवा घरात यायच्या आधीच बाहेर जाते. एका दिवसाचं काम आहे. ह्यूसमन अजून थांबायला तयार आहेत, का ते मला विचारू नका. अर्ध्या गावात असे पाइप आहेत. मी म्हणालो, विचार करतो. ती म्हणाली, शुक्रवारी दुपारपर्यंत करा. नंतर हवा तेवढा करा, वेळच वेळ असेल तुम्हाला.

पाइपला माझा तात्त्विक विरोध आहे. पाइप रस्त्यावरून दिसतो. पाइप लावला म्हणजे गॅस होता असं आपणच म्हटलं. होता म्हटलं की पुढचा प्रश्न, कधीपासून होता.

जेवायला हॅम आणि बटाटे. आर्डिस जेवताना दोनदा खोकली. हवा कोरडी आहे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ९.००

आर्डिसला चॉकलेटचा डबा दिला. तिने एक खाल्लं आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

नवा बेत. ह्यूसमनना सरळ फोन करायचा. विकणाऱ्याने परस्पर बोलायचं नाही असं कॉलीन म्हणते, पण मध्ये माणसं आली की गोष्टी बिघडतात. मुद्दे काढले आहेत: घराचा घट्टपणा. नवीन छप्पर. यंत्राची विश्वासार्हता. माझं नाव.

सकाळी १०.१०

फोन जोलीन ह्यूसमनने घेतला. सातवा महिना आहे तिला, बोलताना धाप लागते. तीन मुद्दे व्यवस्थित मांडले. मग ती म्हणाली, तळघरातल्या त्या खोलीत आम्ही पाळणा ठेवणार होतो, म्हणून विचारते. तुमच्या वेळी तिथे कोण असायचं? मी म्हणालो, आम्हाला मूलबाळ नाही. तिथे माझी बायको शिवायला बसायची. ती म्हणाली, रोज? मी म्हणालो, रविवार सोडून.

मग तिने विचारलं, आणि त्या बऱ्या आहेत ना?

मी म्हणालो, बरी आहे. खुबा तेवढा दुखतो.

चौथा मुद्दा राहिला.

सकाळी ११.००

आर्डिस स्वयंपाकघरात होती. दार उघडं होतं. गाजराची सालं काढत होती, ती काढतच राहिली. म्हणाली, मी किती वर्षं बसले रे खाली?

मी म्हणालो, बघून सांगतो.

सकाळी ११.४०

आधी तिची शिलाई वर होती, माझ्या खुर्चीशेजारच्या खोलीत. मशीनच्या आवाजात रेडिओवरची बेसबॉलची कॉमेंट्री ऐकू यायची नाही. ती आपणहून खाली गेली. मी फक्त टेबल उचललं. १९८९. खुबा दुखायला लागला २०१५ मध्ये. सव्वीस वर्षं.

दिवसाला चार तास, आठवड्याला सहा दिवस. ढोबळ बत्तीस हजार तास. भरल्या ट्रकमधून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करतात तसं वजा केलं. तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणातला उन्हाळा. कोलोरॅडोची सहल. दरवर्षीची जत्रा. ख्रिसमसचे आठवडे. चर्चच्या, महिन्यातून एकदाच्या मंगळवारच्या दुपारी, सगळ्या.

अठ्ठावीस हजार.

परत बसलो. तिचं दाताचं काम. माझं हर्नियाचं ऑपरेशन, ती दवाखान्यात बसून होती ते नऊ दिवस. वीज गेलेले दिवस. आणखी वजा करायला काही सापडेना.

दुपारी १२.३०

ती मागे येऊन उभी राहिली होती, मला कळलं नाही. कागद वाचला. म्हणाली, जत्रेला आपण दरवर्षी नाही गेलो.

मी म्हणालो, ते धरलंय मी, तीन वर्षं सोडली आहेत. ती म्हणाली, पाच.

मी दुरुस्त केलं.

मग म्हणाली, पाइपवाल्याला मी कालच फोन केलाय. सकाळी आठला येतोय. कॉलीनला सांगितलंय. तू ह्यूसमनना पुन्हा फोन करू नकोस, त्या पोरीला झोप लागणार नाही.

निर्णय एकमताने झाला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी १०.००

पाइपवाला आठला आला. शिलाईचं टेबल आम्ही दोघांनी बाजूला केलं. गालिचा काढल्यावर त्याने भेगेकडे पाहिलं, म्हणाला, जुनी आहे ही. तिच्याजवळ मुठीएवढं भोक पाडलं. मी बॅटरी धरली. कॉलीनचा फोन आला, ह्यूसमनचं पक्कं झालं, वेव्हर्लीच्या फ्लॅटवाल्यांनाही तिने कळवलं.

नऊला आर्डिसने दवाखान्यात फोन लावला. छाती तपासून घ्यायची आहे म्हणाली. पलीकडून त्यांनी काय काय विचारलं. खोकला? थोडा. सिगारेट? कधीच नाही. मग तिने काहीतरी ऐकलं आणि फोन माझ्याकडे दिला. म्हणाली, तास तूच सांग.

मी सांगितले. पलीकडच्या बाईने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितले. मंगळवारी साडेनऊची वेळ मिळाली.