बारावं बटण

प्रिय बारक्या,

नाना गेले त्याच्या पाचव्या दिवशी तू स्वयंपाकघरात कपबश्या विसळत उभा होतास, आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, त्यांनी मला एकदा तरी बोलावलं का गं? मी नाही म्हणाले. तू मान हलवलीस, उरलेल्या कपबश्या विसळल्यास आणि दुसऱ्या दिवशीचं विमान पकडलंस. त्याला आता दीड महिना झाला. तुझा फोन नाही, आणि मला तो करायला तोंड नाही, म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर मी पुन्हा काहीतरी सारवासारव करीन. त्यात मी तरबेज आहे, तुला ठाऊक आहेच.

माझ्या नोकरीची तू नेहमी चेष्टा करायचास, की ताई स्वतः काही बनवत नाही, नुसतं बनवायचं काय ते सांगते. खरंच आहे ते. आमच्याकडे नवी वस्तू करायची ठरली की मी आधी तीन पानं लिहिते. पहिल्यावर ती कशासाठी, दुसऱ्यावर कोणासाठी, आणि तिसऱ्यावर ती जमली हे कशावरून ओळखायचं. तिसरं पान सगळ्यात अवघड. तिथे लोकांना बरं वाटलं असं लिहून भागत नाही, आकडा लागतो. नानांची वाचा गेली त्याच वर्षी आमच्याकडे बोलक्या पाटीचं काम आलं आणि मला वाटलं, देवच पावला. पहिल्या पानावर मी लिहिलं, बोलता न येणाऱ्या माणसाला हाक मारता यावी. दुसऱ्यावर कोणाला न सांगता सरळ नानाच उतरवून काढले: वय चौऱ्याहत्तर, उजवी बाजू लुळी, डोकं शाबूत, स्वभाव हट्टी. तिसऱ्यावर लिहिलं, शंभर हाकांपैकी नव्वदांना पाच मिनिटांच्या आत कोणीतरी आलं पाहिजे. सगळ्यांनी ते पान वाखाणलं. मलाही ते फार आवडलं होतं.

एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस आपला. घरातही जेवायला बसताना 'चला, पुढे सरका, मागे जागा करा' चालूच असायचं. सुट्टीत तुला बरोबर न्यायचे, मागच्या दाराजवळच्या सीटवर बसवायचे आणि दर स्टॉपला घंटी तुझ्याकडून वाजवून घ्यायचे. मला बस लागते म्हणून मला न्यायचे नाहीत. बस मला लागायची हे खरं, पण लाडका तूच होतास हेही खरं, आणि मला ते तेव्हापासून टोचायचं. मग आईच्या आजारपणात तू उशिरा पोचलास, ती गेल्यावर तुमचं दोघांचं वाजलं, आणि तू निघालास तेव्हा ते दारात म्हणाले, आता बोलावल्याशिवाय येऊ नकोस. तूही त्यांचाच मुलगा. त्यांची वाचा गेल्याचं कळलं तरी मला म्हणालास, त्यांनी नुसती खूण करू दे ताई, मिळेल त्या विमानाने येतो. दर रविवारी फोनवर विचारायचास, काही म्हणाले का? मी सांगायचे, पाणी मागतात, पंखा लाव म्हणतात, मजेत आहेत.

मजेत नव्हते रे. चाचणीसाठी पहिली पाटी मी घरीच आणली तेव्हा मात्र चार दिवस खरंच बरे गेले. पलंगाच्या कडेला ती बसवली. बटण दाबलं की शब्द मोठ्याने ऐकू यायचा, आणि कोण किती वेळात आलं याची आपोआप नोंद व्हायची. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी, पंखा, दिवा, पुन्हा पाणी असं सगळं वाजवून पाहिलं आणि अर्ध्या तोंडाने हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. शेवटचे दोन महिने मात्र ते एकच बटण दाबत राहिले, पाण्याचं. दिवसाला तीस-पस्तीस वेळा. मी ऑफिसात आलेख दाखवला की बघा, हाका वाढल्यात आणि ब्याण्णव टक्क्यांना वेळेत माणूस येतंय. टाळ्या पडल्या. घरी त्यांना सांभाळणाऱ्या मावशी कुरकुरायच्या, ताई, तहान नसते हो त्यांना, पेला तसाच राहतो, मी आले की माझ्याकडे बघतात आणि तोंड फिरवतात. मी त्यांना म्हणाले, तुम्ही वेळेत जाता ना, मग झालं.

आता जे सांगायचं ते सांगते. पाटीवर आधी बारा बटणं होती, आणि बारावं तुझं होतं. मीच ठेवलं होतं, तुझा दाढीवाला फोटो चिकटवून. दाबलं की माझ्या आवाजात 'बारक्या' असं ऐकू यायचं. नाना ते सारखं दाबायचे. आमचा इंजिनिअर म्हणाला, खाली डाव्या कोपऱ्यात आहे, हात टेकत असेल, चुकून दाबलं जात असेल. मला ते पटवून घ्यायचंच होतं. खात्री करायला आम्ही ते आठवडाभर वर उजव्या टोकाला हलवलं. तिथे त्यांचा डावा हात नीट पोचतही नव्हता. ते अंग उचलून, धापा टाकत दाबायचे. मग चुकून म्हणायला जागा राहिली नाही. पण तुझ्या हाकेला पाच मिनिटांत येणार कोण? तू नऊ तास लांब. ती प्रत्येक हाक उत्तराविना पडायची आणि माझा आकडा साठाच्या पुढे सरकेना. तुला फोन केला असता तर तू आला असतास. मी केला नाही. सोमवारी मंजुरीची बैठक होती हे एक, आणि उशाशी दिवसरात्र मी आणि हाक मात्र तुझी, हे मला सोसत नव्हतं हे दुसरं. तिसरं पान बदलता आलं असतं. मी बटण काढलं. तिथे भोक दिसू नये म्हणून पांढरं झाकण बसवलं. नाना दोन दिवस त्या झाकणावर बोट दाबत होते. मग थांबले, आणि मग ती पाण्याची हाक सुरू झाली.

पाटी पुढच्या महिन्यात बाजारात येते आहे, अकरा बटणांची. माझी तीन पानं आता नव्याने लागलेल्या मुलींना नमुना म्हणून दाखवतात. माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तुझ्यावर लादल्यासारखं होईल. पण त्या दिवशी तू कपबश्या विसळत जे विचारलंस त्याला मी खोटं उत्तर दिलं, आणि ते घेऊन तू आयुष्यभर राहावंस हे मला चालणार नाही. सोबत नोंदींचा कागद आहे, तारीख आणि वेळेसकट. सव्वीस दिवसांत नानांनी तुला दोनशे चौदा वेळा बोलावलं.

म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
ताई