क्लच कोणी जाळला

रविवार, १२ ऑक्टोबर

फियाट चढावर अडकली. इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी जागची हलेना. तालुका कचेरीपुढचा साधा चढ — बापूजी तो बोलता बोलता चढवायचे. जळका वास सुटला. चौघांनी ढकलत घरी आणली. बुधवारी पुण्याचं गिऱ्हाईक गाडी बघायला येणार आणि आजच हे.

बापूजी जाऊन, आई एकटी पडून दोन वर्षं झाली. तेव्हापासून बॅटरी उतरू नये म्हणून मी रविवारी पंपापर्यंत नेऊन आणतो, तेवढंच. बाकी ती मागच्या अंगणात ताडपत्रीखाली. एवढ्याशा वापरात क्लच जातोच कसा?

सोमवार, १३ ऑक्टोबर

कुंडलिक मिस्त्रीने गाडी गॅरेजात ओढून नेली, गिअरबॉक्स उतरवला आणि क्लच प्लेट माझ्या हातात दिली. पार गुळगुळीत, रिबेटं वर आलेली. प्रेशर प्लेटवर चरे. बेअरिंगही गेलंय. बापूजींनी जायच्या आधी महिनाभर याच गॅरेजात ही प्लेट नवी बसवली होती.

"हिच्यावर कुणी शिकतंय का, पारसभाऊ? क्लचवर पाय ठिवून चालिवल्याली दिसतीया."

म्हटलं, हिला कोणी हातसुद्धा लावत नाही.

"मग ऱ्हायलं. बदलायचं का हाय तसं जोडून देऊ, तेवढं सांगा. हिचं सामान पुण्यात हुडकावं लागंल."

गिऱ्हाइकाला फोन केला. तो म्हणाला, बदलू नका, मी नाहीतरी सगळी गाडी उघडणार आहे. आहे तशी घेतो. म्हणजे प्रश्न मिटला.

पण प्लेट जाळली कोणी?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुकानातल्या दोन्ही माणसांना विचारलं. फियाटचा गिअर स्टिअरिंगपाशी असतो हेही त्यांना माहीत नाही. किल्ली घरात, खुंटीला. मग कोण?

बुधवार, १५ ऑक्टोबर

गिऱ्हाइकाने येणं पुढे ढकललं; गाडी जोडून झाली की येणार.

सूर्यास्ताआधी जेवायला बसलो. नीलमला सांगत होतो, कुलूप बदलायला हवं, कोणीतरी गाडी नेतंय. आई पोळी वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "क्लच मी घालवला."

ऐकण्यात चूक झाली असं वाटलं.

"गाडी मी चालवते, पारस. श्रावणापासून."

आई त्रेसष्ट वर्षांची. जैन स्थानकातलं प्रवचन, स्वयंपाक, सामायिकाचं ध्यान — तिचा दिवस मला तोंडपाठ आहे असं मी समजत होतो. या गाडीत ती लग्नकार्यापुरती बसायची, तीही मागे. आणि आता कळतं की मी दुकानात गेलो की शाळेची व्हॅन चालवणारी रत्ना येते, दोघी गाडी काढतात आणि कालव्याकडेच्या रस्त्याने जातात. कालव्याच्या! तिथे कठडाही नाही.

लर्निंग लायसन्स आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. फोटोत ती सरळ समोर बघतेय. माझ्याकडेही कधी अशी बघितलेली आठवत नाही.

नीलमकडे पाहिलं. तिची मान खाली. तिनेच सासूला परीक्षेला नेलं होतं.

पोळी तशीच टाकून उठलो.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आईशी बोललो. म्हणजे ओरडलो. तिने ओरडू दिलं. मग म्हणाली, "विकायची तर वीक. पण आधी क्लच बदल. मला एकदा आहुप्याला जायचंय."

बापूजी दुकानासाठी हिरडा घ्यायला चाळीस वर्षं डोंगरातल्या आहुप्याला जात. तिला एकदाही नेलं नाही. म्हटलं, आपली नवी गाडी आहे, रविवारी मी नेतो.

"तू नेऊ नकोस. मी नेणार. हीच गाडी."

शनिवार, १८ ऑक्टोबर

कुंडलिकला विचारलं, नुसती प्लेट टाकली तर भागेल का. "घाटात बसाल मंग. टाकायचं तर सगळं टाका, न्हाईतर टाकूच नका."

ठरत नाही. एका फेरीसाठी एवढा उपद्व्याप? गिऱ्हाईकही निसटेल. आणि घाटात काही झालं तर? रात्री नीलम म्हणाली, "अहो, त्यांनी आजवर तुमच्याकडे काय मागितलंय?" आठवायला लागलो. काहीच आठवेना.

रविवार, १९ ऑक्टोबर

कुंडलिकला सांगितलं, सगळं बदल. गिऱ्हाईक तुटलं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

दिवाळीमुळे सामान उशिरा आलं. आज बसलं. आईने गॅरेजच्या दारातच क्लच दाबून पाहिला. "आता कुठे धरतोय," म्हणाली. कुंडलिक माझ्याकडे बघतच राहिला.

रविवार, २ नोव्हेंबर

जाऊन आलो. सगळं लिहून ठेवतो.

आई चालवत, मी शेजारी, नीलम मागे. पुढे-मागे लाल एल. डिंभ्यापर्यंत मी श्वास धरून. पुढच्या चढाला एका वळणावर गाडी बंद पडली. मागे एसटी, हॉर्नवर हॉर्न. मी म्हटलं, उतर, मी घेतो. तिने ऐकलंच नाही. हँडब्रेक, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडला — आणि गाडी एक बोटभरही मागे न सरकता वर निघाली. मला नसतं जमलं.

आहुप्यात भात कापून खाचरं मोकळी झालेली. सखूबाई पूर्वी आमच्याकडे हिरडा घालायची, आता पार वाकलीय. तिने आईला स्टिअरिंगवर पाहिलं आणि हातातलं टोपलं खाली ठेवलं.

"अगं बया! शेठाणी, तुमी? शेठ तर म्हणायचे, तुमाला गाडी लई लागती, म्हणून आणत न्हाई."

आई गाडीतून उतरली. मग शांतपणे म्हणाली, "मला गाडी कधीच लागली नाही, सखूबाई."

मी तिथेच उभा. बापूजी असं सांगायचे? चाळीस वर्षं?

सखूबाईने आईला हाताला धरून देवराईत नेलं. आम्ही मागून. आत एवढी सावली की थंडी वाजली. दोघी एका जाडजूड वेलीपाशी बसल्या. भाताचं, सुनांचं बोलणं. आई मोठ्याने हसली. मला तो आवाज ओळखूच आला नाही.

येताना मी विचारलं, बापूजींचा राग आला का. तिने उतारावर गिअर बदलला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गाडी विकायची नाही असं ठरवलं. आईला सांगितलं, पक्कं लायसन्स काढू, तुला हवी तेव्हा घेऊन जा. ती नुसती हसली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काल चातुर्मास संपला. चार महिने स्थानकात उतरलेल्या साध्वीजींचा उद्या विहार, पायी पुढच्या गावी. आज सकाळी आई माझ्यासमोर येऊन बसली. दीक्षेची आज्ञा मागितली. पुढच्या वैशाखात. साध्वीजींशी तिचं चातुर्मासभर बोलणं चाललंय.

"दीक्षा घेतली की जन्मभर पायी, पारस. वाहनात पाय ठेवायचा नाही. म्हणून आधी एकदा स्वतः चालवायची होती."

आज्ञा घरच्यांनी द्यावी लागते. घरात आता मीच.

मी अजून दिलेली नाही.