ढबू मिरचीचा खुलासा

चकलांबा,
ता. १८ मार्च १९८७

न्हाई भाऊजी, लवंगी मिरचीचा एक दाणा बी म्या त्यात मिसळला न्हाई. नोटिशीत तुमी इचारलं म्हणून आधी जबाब दिला. आता वयनीचा नमस्कार घ्या. मी खुशाल हाय, शेळी खुशाल हाय. गुडघा तेवढा तुमच्या पार्टीत गेलाय, उठू देत न्हाई.

तुमच्या-माझ्या घराची भिंत एक. सकाळी तुमी चूळ भरली तर मला इकडं ऐकू येती. तरी नोटीस पोष्टानं, ती बी रजिस्टर. पोष्टमन तुमच्या ओट्यापुढून चालत माझ्या दारात आला, सही घेतली आन् मनला, मावशी, लई लांबून आलंय जणू. म्हणून मी बी पोष्टानंच धाडते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, चष्मा लावून वाचा. न्हाई जमलं तर तुमच्या मंडळीकडून, गीताकडून, वाचून घ्या. तिचं बी नाव पुढं येणार हाय.

नोटीस मनती, येत्या सोमवारच्या सभेत चंद्रभागाबाई आसाराम आन् तुळजाबाई राधाकिशन ह्या दोघींची नावं भाजीपाला संस्थेतून कमी करायची. बियाण्यात भेसळ केली म्हणं. नाव गेलं की संस्थेच्या विहिरीवरची पाळी गेली. टँकर आठ दिसाला येतो, आला तर. पाळी तुटली तर माझ्या परसातली चार झाडं वाळतील, त्याचं मी बघून घेईन. पर तुळजाबाईची दोन शेरडं हायती, आन् तिचा नवरा-लेकं ऊस तोडाया गेलेत, पाडव्याबिगर येत न्हाईत. ती एकटी बाई कुठून पाणी आणंल? हे तुमाला ठाऊक हाय. ठाऊक असून चेरमन म्हणून सही केली. मंग मला जे ठाऊक हाय ते मी बी लिवते.

पयलं तुमच्या फजितीचं सांगते. ते सांगायला मला लई गोड लागतं.

संक्रांत झाल्यावर जिल्ह्याचा सायब आलता, विहिरीवर इजेची मोटर मंजूर करायची का ते बघाया. तुमी टोपीला नीळ दिलती. सायबानं ढबू मिरचीचे वाफे बघितले, लई खूश झाला, असल्या दुष्काळात एवढी हिरवी झाडं मनला. तिथंच थांबायचं व्हतं. पर तुमाला कुठं दम निघतो. मनले, "सायेब, आमची ढबू लेकरं नुस्ती खातात, काकडीवानी." आन् झाडाची तोडून कचकन दातात धरली.

मी वाफ्याच्या कुपाटीआड उभी व्हते. आधी तुमचं बोलणं थांबलं. मंग कान लाल झाले. मंग डोळे. सायेब इचारतोय काय झालं, काय झालं, आन् तुमी नुस्ते हात जोडताय. गावात माणसं घोट-घोट मोजून पेत्यात, आन् तुमी सायबाच्या जीपमधली आख्खी सुरई उपडी केली. मोटर गेली, सायेब गेला, सुरई बी रिकामी गेली. तुमी आठ वर्षांचे व्हते तवा मी ह्या घरात नवरी म्हणून आले. नाक पुसता येत न्हवतं तुमाला, पदरानं मी पुसायची. त्या दिशी बी वाटलं, जावं आन् पुसावं. पर चेरमनचं नाक कसं पुसायचं.

मंग व्यापाऱ्यानं माल परत धाडला. पाचातली दोन-तीन झाडं तिखट, बाकीची गोड, आन् दिसायला बहुतेक सारखीच. कोणती कशी ते चावल्याबिगर कळंना. तसला माल कोण घेतो?

आता तुमचं मनणं, चंद्रभागीनं लवंगीचं बियाणं मिसळलं. भाऊजी, जरा डोकं चालवा. लवंगीचं बियाणं मिसळलं असतं तर झाडाला लवंगीच लागली असती, बोटाएवढी बारीक. तुमच्या झाडाला तर ढबूच लागली, पोट सुटलेली, तुमच्यावानी. काही टोकाकडं निमुळती निघाली, ते म्या तवाच बघितलं. तुमी मनले, पाणी कमी पडलं म्हणून तशी. चेरमनला सगळं कळतं म्हणून मी गप बसले.

खरं काय ते ऐका. ढबूच्या शेजारी लवंगी लावली तर माशी लवंगीच्या फुलावरून उठती आन् ढबूच्या फुलावर बसती. त्या साली काय कळत न्हाई. फळ ढबूच, गोडच. पर पोटातलं बियाणं बाटलं. ते पेरलं की पुढल्या साली अंगातला तिखटपणा बाहीर येतो. माझी आई नेकनूरची, ती मनायची, तिखटाला अन् गोडाला शेजार देऊ न्हाई. माझ्या परसात दोन्ही शेजारी-शेजारी व्हती. तुमी सतरांदा आलता, चहा पिताना बघितलंय. तवा न्हाई इचारलं.

बियाणं काढताना गीता माझ्यासंग बसलती. लालभडक पिकलेली ढबू चिरायची, दाणे नखानं सोडवायचे, सावलीत फडक्यावर वाळवायचे, राख लावून मडक्यात भरायचे. दाणा न् दाणा ढबूच्या पोटातला. तिला इचारा. खोटं बोलली तर तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो, तुमाला बी ठाऊक असंल.

आता पोळ्याच्या आधीचं. रोपाचा गादीवाफा करायचा व्हता. वर्सभर ते बियाणं म्या संभाळलेलं, म्हणून मी सकाळीच न्हाऊन संस्थेच्या विहिरीवर गेले. ती विहीर तुमच्या भावानं जित्तेपणी उभं राहून खोदून घेतलीय, संस्था बी त्यांनीच उभी केली, ते जाऊ द्या. वाफा केलेला व्हता, नारळ व्हता, गेवराईहून फोटोवाला आणलता. तेवीस सभासद उभे. मी वाफ्यापशी वाकले, माती हातात घेतली, ओल बघाया. आन् तुमी सगळ्यांदेखत मनले,

"वयनी, तुमी जरा मागं सरा. पयली मूठ सवाष्णीची असती."

मी सरले. गीता पुढं आली, हातभर बांगड्या घालून. तिला बोट किती खोल घालायचं ते बी ठाऊक न्हाई, माझ्याकडंच बघून इचारीत व्हती. मंग तुमच्या ध्यानात आलं की मडकं तर माझ्या घरीच हाय. मी मनलं, आणते. तुमी मनले, आणा, पर देताना तुळजाबाईच्या हातात द्या, तिचा मालक हाय, इधवेच्या हातून नको. तुळजाबाई बिचारी माझ्यामागं घरापतोर आली. मडकं तिनं डोक्यावर घेतलं. मी मागून, रिकाम्या हातानं.

म्हणून मी इचारते, भेसळ कशाची? मडकं आणलं सवाष्णीनं. मूठ टाकली सवाष्णीनं. नारळ फोडला चेरमननं. फोटोत मी न्हाईच. मंग तिखट कावून निघालं? माझी सावली पडली वाफ्यावर? तसं असंल तर नोटिशीत तसं लिवा. भेसळ म्हणून लिवू नका.

एवढं लिवून दोन दिस वही मिटून ठिवलती. इथंच सही करून धाडणार व्हते.

काल तुळजाबाई आली. तिला वाचता येत न्हाई, नोटीस पदरात बांधून आणलती. म्या वाचून दाखवली. तिनं कागद परत पदरात बांधला. मंग मनली, "अक्का, मडक्यात काय व्हतं वं? म्या तर झाकण बी उचललं न्हाई."

मी मनलं, ढबूच व्हती.

"मंग माझं नाव कशापायी घातलं?"

मला तुमच्यावानी हात जोडायची येळ आली.

ह्या बाईनं तीन म्हयने डोक्यावर हंडे वाहून तिचे दोन वाफे जगवले. एक टाईम आंघोळ सोडली, तेवढं पाणी झाडाला. व्यापाऱ्यानं माल परत धाडला तवा बाकीच्यांनी उकिरड्यावर फेकला, हिनं पाट्यावर वाटून भाकरीसंग खाल्ला, आन् वाटीभर मला आणून दिला. मनली, अक्का, चव लई झ्याक हाय, फेकवंना. मी ती वाटी घेतली. खाल्ली बी.

तुमच्यासंग माझं भांडण हाय, ते मरंपतोर चालंल. मला मजा बी येती. पर तुमच्या-माझ्या मधी ती चिरडली.

तर आता नीट ऐका. सोमवारी सभेत हा कागद शेवटापतोर वाचायचा. गाळायचं न्हाई. मी पुढच्याच रांगेत बसणार हाय. तुळजाबाईचं नाव ठिवायचं, पाळी ठिवायची. न्हाई ठिवली तर तुमचंच नुकसान हाय. कारण संस्थेला पुढल्या साली खरी ढबू पायजे असंल तर बियाणं तिच्या घरी हाय. काल संध्याकाळी म्या सोता नेऊन दिलं, कसं पेरायचं ते बी सांगितलं. माझ्या परसातल्या झाडांचंच हाय, पर अस्सल. तुमी तिच्या दारात जा, ओट्यावर बसा, नीट बोला. ती देईल. मी न्हाई, ती चांगली बाई हाय.

अस्सल कसं, ते तुमी इचारणारच.

तर भाऊजी, माझ्याकडं दोन मडकी व्हती. आईनं शिकवल्यापरमाणं म्या काही फांद्यांना कळी असतानाच पिशव्या बांधलत्या, फळ धरलं की पिशवी काढून खुणंला दोरा बांधायचा. त्या पिशव्या तुमच्या भावाचं मलमलचं धोतर फाडून शिवल्या. त्या फुलांवर माशी बसली न्हाई. ते एक मडकं, संस्थेसाठीच केलतं. दुसऱ्यात उघड्या झाडांचं, माझ्या घरापुरतं. त्या सकाळी पयलं मडकं म्या दाराशी काढून ठिवलतं, फुंकर मारून, पुसून.

तुमी मागं सरा मनले. मी घरी आले, दाराशी ठिवलेलं मडकं उचलून आत नेलं, आन् दुसरं तुळजाच्या डोक्यावर दिलं. घाईत न्हाई, चुकून न्हाई. काय उगवंल ते तुळजाला ठाऊक न्हवतं, गीताला न्हवतं, तेवीसातल्या कोणालाच न्हवतं. मला ठाऊक व्हतं.

माझं नाव काढा.

तुमची थोरली वयनी,
चंद्रभागा आसाराम