तू विचारायचीस, मी सांगायचो

प्रिय वैशाली,

आरू बोलायला लागली! आज तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं, तेव्हा वाटलं, पुन्हा तक्रारच असणार. पण या वेळी तक्रार नव्हती. "मास्तर, पोरीनं आज वर्गात हात वर केला," असं म्हणाल्या. घरी आलो, चप्पल काढली आणि ही बातमी सांगायला तुला हाक मारणार होतो. म्हणून हे पत्र.

तू गेलीस तेव्हापासून पोर गप्पच होती. पहिलीतली मुलगी, वर्गात काही विचारलं की नुसती खाली बघायची. आणि बाप कोण? घाटंजीत आठवी-नववीला गणित शिकवणारा मास्तर! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आपल्याच घरात.

खरं सांगू? आरूला शिकवतो तो मीच, असा माझा समज होता. तू आपली घरकाम करायचीस आणि ती तुझ्यामागे लुडबुडायची, एवढंच मला दिसायचं.

दर चौथ्या दिवशी येणारा नळ, मला पाण्याचे पितळी गुंड भरायची घाई, आणि तू तिच्या हातात लोटा द्यायचीस! "सांग बरं, या गुंडात किती लोटे मावतीन?" ती म्हणायची, वीस. "पाह्य मग ओतून." ती ओतायची, मोजायची, मधेच आकडा विसरायची. "अगं, नळ जाईल!" मी ओरडायचो. तू म्हणायचीस, "जाऊ द्या ना जी, पोरगी मोजून राह्यली." एकदा खरंच गेला नळ. दोन गुंड रिकामे राहिले, मी दिवसभर तोंड फुगवून बसलो आणि शेजारून पाणी आणलंस तू.

आणि ती मुंगी आठवते? तुम्ही दोघी ओसरीत पालथ्या पडून तिचे पाय मोजत होतात. तू म्हणालीस, "मले तं बाप्पा चारच दिसते." "नाही वं आई, नीट पाह्य ना!" आरू नाक जमिनीला टेकवून पुन्हा मोजायला लागली. तेवढ्यात मी पेपरातून डोकं काढलं. "सहा असतात. एवढं साधं माहीत नाही तुला?" तू फक्त हसलीस. आरू उठून निघून गेली.

पोरीसमोर तुला अडाणी ठरवलं गं मी! राग नाही आला? एकदा तरी झापायचं होतंस मला. "तुम्हालेच समजत नाही," एवढं म्हणाली असतीस तरी चाललं असतं. सगळं हसण्यावारी का नेलंस?

तू गेल्यावर मी कंबर कसली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाढ्यांचा तक्ता चिकटवला. रोज संध्याकाळी एक ते शंभर. ती निमूट लिहायची, पण तोंडातून अक्षर काढत नव्हती. एक दिवस माझा हात उठला. मारलं नाही, शपथ. पण तिनं आधीच डोळे घट्ट मिटले होते. मला माझीच लाज वाटली. वही बंद केली, ती केलीच.

मागच्या रविवारी आम्ही दोघं अंबाडीची पानं खुडत बसलो होतो. एकाएकी तिनं विचारलं, "बाबा, आई उमरखेडपेक्षा दूर गेली काय?" उमरखेड म्हणजे तुझं माहेर. तिनं पाहिलेलं सगळ्यात लांबचं गाव तेच ना!

देवाघरी, असं सांगायला मी तोंड उघडलं. सगळे तिला तेच सांगतात. पण म्हणालो, "मले नाही माहीत. तुले काय वाटते?"

तिनं हातातलं पान खाली ठेवलं. मग बोटांवर मोजत म्हणाली, "उमरखेडले गेली का आई दोन दिवसांत वापस येत होती. आता तं दिवाळीही झाली. म्हणजे लयच दूर गेली. तिथून यष्टी नसन."

वैशाली, मी तिच्यासमोर रडलो. माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं इतकं बिनचूक गणित मला कधी सोडवून दाखवलेलं नाही. आणि ते मी शिकवलेलं नव्हतं. ते तुझं होतं, सगळं तुझं! दहावी शिकलेली तू, बीएड झालेल्या नवऱ्याच्या डोळ्यांदेखत शाळा चालवत होतीस, आणि मला पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून ती विचारते आणि मी तिलाच उलटं विचारतो. भाजी करपते, उशीर होतो. होऊ दे.

तुझ्यासारखं न कळण्याचं सोंग मला कधीच जमणार नाही. पण जे मला खरंच कळत नाही, ते आरूपासून लपवणार नाही. तू परत का येत नाहीस, हेसुद्धा लपवणार नाही. एवढं वचन देतो.

तुझाच,
प्रकाश